शेंदराचं बोट

हरिबा आमच्या भूगर्भशास्त्र विभागात तीस वर्षं दगड फोडत होता. मूळचा सांगोल्याकडचा मेंढपाळ. मी ज्या खडकावर तासभर बोलायचो, त्याची तो पाच मिनिटांत भुकटी करायचा, आणि वर विचारायचा, "सर, एवडं बोलण्यासारकं काय हाय ह्याच्यात?"

चंद्रिकेचे दगड मात्र तो जिवापाड जपायचा. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराची ही लेक पीएचडी करत होती. कर्नाटकातल्या एका जुन्या तांब्याच्या खाणीतून तिने नऊ नमुने आणले, आणि पुढच्याच वर्षी खाण पाण्याखाली गेली. शिसं सगळीकडे सारखं नसतं. त्याच्या अणूंच्या वजनातल्या फरकावरून त्याचं मूळ कळतं. नमुन्यातल्या कणभर शिशावरून, ज्वालामुखीने ते खनिज कुठून वर आणलं, हे तिला शोधायचं होतं.

खंडेनवमीला हरिबा दगड दळायच्या यंत्राची पूजा करायचा, नुसत्या हळदकुंकवाने. त्या वर्षी तिच्यासाठी म्हणून गावच्या मारुतीचा शेंदूर आणला. तेलात कालवून यंत्राच्या जबड्याला आतून बोट ओढलं. "पोरीचं काम तडीस जाऊ दे," म्हणाला. मी पेढा खाल्ला. शेंदरात शिसं असतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. त्या दिवशी अक्कल कुठे गहाण ठेवली होती, देव जाणे.

दसऱ्यानंतर हरिबाने त्याच यंत्रात नऊही नमुने दळले. अहवाल आला तेव्हा वेगवेगळ्या खोलीवरच्या सगळ्यांचं शिसं एकच निघालं. चंद्रिकेने जबडा उघडला, लाल रेघ पाहिली. हरिबाकडून उरलेला शेंदूर मागून घेतला आणि तपासायला पाठवला. तेच शिसं. दगडाचा तुकडाही शिल्लक नव्हता. चार वर्षं मातीत गेली.

"हरिबामामांना सांगू नका, सर," ती म्हणाली. पण त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? त्याने एकदाच विचारलं, "शेंदरानंच झालं न्हवं, सर?" मी मानेनेच हो म्हटलं. पेढ्याचं काही बोललो नाही. त्याची अजून लाज वाटते.

चंद्रिका पीएचडी सोडून सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात नोकरीला चिकटली. पुढच्या खंडेनवमीला नवी स्कूटर घेऊन विभागात आली.

"हरिबामामा, कुंकू लावा की गाडीला."

हरिबाने हात पाठीमागे नेले. "न्हाय ताई. माजं बोट नको."

तिने कुंकवाचा करंडा पुन्हा पुढे धरला. मग तिनेच कुंकू लावलं, आणि त्याने लांबूनच गाडीला हात जोडले.