रेंडर होईपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात गोगलगाय म्हणते. लोक म्हणतात, गोगलगाय अन् पोटात पाय. ह्यांच्या पोटात पाय असते तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

गृहस्थ स्वयंपाकघरं बांधून देणाऱ्या एका दुकानात संगणकावर चित्रं काढतात. गिऱ्हाईक ओट्याची मापं घेऊन येतं, हे त्यावर कपाटं, नळ, दिवे बसवतात आणि शेवटी 'रेंडर'ला लावतात. म्हणजे संगणक त्या रेघांचं फोटोसारखं चित्र करतो, ग्रॅनाइटच्या चकाकीसकट. दुकानातलं मशीन जुनं. एकदा रेंडरला लावलं की पाऊण तास पंखा घरघरत बसायचा आणि तोवर माऊसला हात लावायची सोय नाही.

त्या घरघरीवर माझी बहीण जगत होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ती पलंगावर आहे. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ मात्र शाबूत. मदतीची बाई सकाळी येते आणि संध्याकाळी. मधली दुपार नवऱ्याची. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. जेवणाच्या सुट्टीत नेमकी गिऱ्हाइकं येतात, तेव्हा उठता येत नाही. म्हणून महाशय त्यानंतर सगळ्यांत जड चित्र रेंडरला लावत आणि घरी पळत. तिला भरवायचं, बेडपॅन द्यायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं आणि परत. मालकाला वाटे, हा मागे सिगरेट ओढायला जातो. ह्या माणसाने उभ्या जन्मात उदबत्तीशिवाय काही पेटवलं नाही. पण खरं कारण सांगेल तर शपथ! "घरचं रडगाणं दुकानात कशाला, ताई?"

मग तो नवा प्रोसेसर बाजारात आला. मालक म्हणाला, "घ्यायचा का? तुमचा विषय आहे. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा." नुसता प्रोसेसर बदलून भागणार नव्हतं. त्याच्यासाठी मदरबोर्ड नवा, मेमरी नवी. म्हणजे नको म्हणायला कारणं ढिगाने होती. तरी विक्रेत्याकडे चाचणी घ्यायला हे आपलं सगळ्यांत अवघड स्वयंपाकघर पेनड्राइव्हवर घेऊन गेले. रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर चेहरा असा, जणू पोरगं बोर्डात पहिलं आलंय.

"ताई, चहाचा कप तोंडाला लावतोय तोवर चित्र तयार! काचेच्या बरणीतून पलीकडची फरशीसुद्धा दिसते!"

"झालं माझं कल्याण," पलंगावरून धाकटी म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा उतरला.

मी म्हटलं, "सोपं आहे. सांगा, तापतो. पहिल्या खेपेचा माल आहे, थोडं थांबू."

"पण तो तापत नाही हो."

"मी विचारलं का, तापतो की नाही?"

"एवढं एकदा खोटं बोला की," धाकटी म्हणाली. "लग्नाआधी माझ्या बापाला पगार फुगवून सांगितलात, तेव्हा बरं जमलं होतं."

हसले. कबूल झाले. माझ्यासमोर घोकूनही घेतलं: तापतो, पहिली खेप, थांबू.

दुसऱ्या दिवशी मालकाने विक्रेत्यासमोरच विचारलं. आणि हे काय बोलले? "डोळे मिटून घ्या. असा प्रोसेसर मी आजवर पाहिला नाही."

मी फोनवर ओरडलेच. "अहो, पण का?"

"विक्रेता समोर होता, ताई. चांगल्या मालाला वाईट कसं म्हणू? त्याला वाटलं असतं, ह्याला यातलं काही कळत नाही."

ह्याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल. मी नाही म्हणणार. परक्या माणसासमोर शहाणं ठरायची हौस होती ती, आणि ती भागवली पलंगावरच्या बाईच्या जिवावर.

नवं मशीन आलं. चित्रं भराभर होतात म्हटल्यावर मालकाने दुसऱ्या एका दुकानाची चित्रंही ह्यांच्याच गळ्यात मारली. मशीन थांबत नाही, माणूस उठणार कधी? आता धाकटी दुपारभर डायपरमध्ये पडून असते. ही तीच बाई, जिने झटक्यानंतर शुद्धीवर येताच आधी कंगवा मागितला. उजव्या कमरेवर जखम झाली, ती भरायचं नाव घेत नाही.

मी खडसावलं तेव्हा कुठे ह्यांनी मालकापुढे तोंड उघडलं. मालक माणूस वाईट नाही. हळहळला. "अहो, आधी बोलायचं! जुनंच चालवलं असतं की. मला आपलं वाटलं, तुमच्या सिगरेटी तरी कमी होतील." मग म्हणाला, "पण आता दोन दुकानांचं काम अंगावर घेतलंय हो." आणि मन मोठं करून जुनं मशीन ह्यांना फुकट देऊन टाकलं.

ते आता धाकटीच्या पलंगाशेजारी टेबलावर आहे. चालू करायला वेळ कुणाला आहे? गेल्या रविवारी मी तिला कुशीवर वळवत होते.

"त्याच्याकडे तोंड नको करूस," ती म्हणाली.

"अगं, दुसऱ्या कुशीला जखम आहे ना."

"मग आधी त्याच्यावर चादर टाक."

मी चादर टाकली आणि मग तिला वळवलं.