किल्लीवालीची तारीख

माझी ताई सिनेमाला जायची ती हिरोसाठी नाही, आणि हिरोइनसाठी तर नाहीच नाही. ती जायची मागे उभ्या असलेल्या माणसांसाठी. पडद्यावर हिरो छाती पुढे काढून कसली तरी शपथ घेत असायचा, अख्खं थिएटर श्वास रोखून त्याच्याकडे बघत असायचं, आणि ताई माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणायची, "तो उजवीकडचा वेटर बघ. खरंच दमलाय रे तो." मला कधीच कुठलाही वेटर दिसला नाही. मी म्हणायचो, "हो, दिसला," आणि पॉपकॉर्न खात राहायचो.

खोटं बोलायचो, कारण नाही म्हटलं की ती सिनेमा संपेपर्यंत त्या वेटरबद्दल बोलत राहायची. शिवाय राग येण्यासारखी गोष्ट म्हणजे ती नेहमी खरी ठरायची. दमलेला वेटर तीन वर्षांनी हिरोचा मित्र झाला आणि पाचव्या वर्षी चौकात त्याचा दोन मजली फलक लागला. मी घाईघाईने ताईला सांगायला गेलो तर तिला त्याचं काही नव्हतं. "आता त्याला बघायला जग आहे," ती म्हणाली. "माझं काम संपलं."

तिची एक जाड वही होती. डाव्या पानावर येणारे सिनेमे, उजव्या पानावर येणारी माणसं. सिनेमाची तारीख पेन्सिलीने लिहायची, कारण तारखा सरकतात. माणूस पेनाने. नावं तिलाही ठाऊक नसायची, मग 'जिन्यावरचा टकल्या', 'पाठमोरी शिंकणारी', 'दमलेला वेटर' असं काहीबाही लिहिलेलं असायचं. बाहेरच्या कोणी ती वही वाचली असती तर पोलिसांत दिली असती.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एकोणतीस वर्षं एकाच दुकानात. मागच्या खोलीत काच घासायचं मशीन होतं, त्यावर काचेच्या कडा घासून ती फ्रेममध्ये बसवायची. गर्दी असली की मालकांना तपासणीच्या खोलीतही मदत करायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. ताई हातात छडी घेऊन एकेक ओळ दाखवायची आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक वाचायचं. दिवसाला वीस-पंचवीस माणसं. तुम्हीच सांगा, तो तक्ता पाठ व्हायला किती दिवस लागतील? दुकानातल्या लोकांनी आग्रह केला की ती तो खालून वर, उलटाही म्हणून दाखवायची. आम्ही टाळ्या वाजवायचो.

किल्लीवाली तिला सापडली त्याला आता आठ वर्षं होतील. सिनेमा अगदीच टुकार होता. हिरो-हिरोइन जिन्यात भांडत होते. त्यांच्या मागे, पार वरच्या कोपऱ्यात, एक शेजारीण बंद दारासमोर उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत होती. किल्ली काही सापडेना. शेवटी ती शोधायची थांबली आणि तिथेच पायरीवर बसली. हे सगळं मी ताईकडून ऐकलं, कारण मी भांडण बघत होतो. ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. "आठ सेकंद," ती म्हणाली, "आणि त्या बाईने मला रडवलं. तिला कोणी सांगितलं असेल रे असं बसायला?" बाहेर आल्यावर तिने दिव्याच्या खांबाला वही टेकवून लिहिलं, 'किल्लीवाली', आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा तिने आजवर कोणाला मारल्या नव्हत्या.

बाकीच्यांना ती सोडून द्यायची, हिला मात्र धरून बसली. किल्लीवाली पुढे कुठे नर्स झाली, कुठे मोलकरीण, कुठे तीन वाक्यांची वकील. ताईचं लग्न झालं नाही, का ते आमच्या घरात कोणी बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. माझ्या बायकोच्या मते तिने सगळी माया या कुठल्याशा बाईवर ओतली. माझं मत वेगळं आहे. ताईला आयुष्यभर कोणी नीट पाहिलं नाही, आणि त्याचा राग न धरता ती दुसऱ्यांना पाहत राहिली. असो. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, माझ्या मताला कोण विचारतो.

मग गेल्या दोनेक वर्षांत वहीचं उजवं पान रिकामं राहायला लागलं. ताई सिनेमाला यायची, पण कोपर मारायची नाही. मी एकदा विचारलंही, "काय गं, वेटर संपले वाटतं?" तर चिडली. "हल्ली कोपऱ्यात कोणाला उभंच करत नाहीत. सगळा पडदा त्या एकाच्या थोबाडाने भरलेला. सिनेमेच वाईट झालेत." मला पटलं. सिनेमे वाईट झाले म्हटलं की कोणालाही पटतं.

याच सुमाराला ती चौथ्या रांगेतून मागे मागे सरकायला लागली. आधी दहावी, मग पंधरावी, मग शेवटची. मान दुखते म्हणायची. थिएटरच्या पायऱ्यांवर दोनदा धडपडली. दुसऱ्यांदा माझ्या अंगावर कोक सांडला तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडलो, "डोळे घरी ठेवून आलीस का?" ती हसली. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दरवर्षी, गिऱ्हाईक कमी असेल त्या आठवड्यात, मालक दुकानातल्या तिघांचे डोळे तपासायचे. ताई खुर्चीत बसायची, एक डोळा झाकायची आणि घडाघडा वाचायची. दोन मिनिटांत मोकळी. तिने फसवलं असं मला वाटत नाही. ओळ सुरू झाली की पुढची अक्षरं जिभेवर आपोआप येत असणार. आपण दिसतंय म्हणून वाचतोय की पाठ आहे म्हणून, हे तिचं तिलाच कळत नसेल.

मग दुकानात नवा तक्ता आला. आतून दिवा लागणारा, छान गुळगुळीत. मालकांनी कौतुकाने तिघांना बोलावलं. ताई म्हणाली, "आधी मी." उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नेहमीच्या सुरात वाचायला लागली. वरून खाली, एकही चूक न करता, जुना तक्ता.

"मी आधी हसलो," मालकांनी मला नंतर सांगितलं. ते स्वतः घरी आले होते, दारातच उभे राहिले, चपलासुद्धा काढेनात. "वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग म्हटलं, अहो, नवीन तक्ता वाचा की. तर त्या म्हणाल्या, हाच तर वाचतेय." त्यांनी डोळे पुसले. "एकोणतीस वर्षं माझ्या समोर होत्या हो."

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. दिव्याखाली अंधार म्हणालो, तुमच्या दुकानाला कुलूप ठोका म्हणालो. खरं तर मी घरात तिच्या समोर त्याहून जास्त वर्षं होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा रोग कडेने खात आत येतो म्हणे. दुखत नाही, खुपत नाही, मधलं बराच काळ शाबूत राहतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. डावा डोळा गेलेलाच होता. उजव्यात मधोमध एक खिडकी उरली होती. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून राहिलेलं टिकवायचं, जमेल तितकं. म्हणजे वेटर पडद्यावर होतेच. जिन्यावरचे टकले, शिंकणाऱ्या बायका, सगळे आपापल्या कोपऱ्यात उभे होते. तेवढेच नेमके ताईच्या डोळ्यांतून पुसले गेले होते.

ताईने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मार्चपर्यंत राहील का?"

"घरात कार्य आहे का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "मोठं आहे."

मार्चमध्ये किल्लीवालीचा सिनेमा येणार होता. पहिल्यांदा मुख्य भूमिका, फलकावर ती एकटी, अंगात पिवळा स्वेटर, मागे रस्ता. तिचं नाव एव्हाना पेपरात यायला लागलं होतं, पण आमच्या घरात ती किल्लीवालीच. ताईने वहीत पेन्सिलीने तारीख लिहिली. मी बघितलं, ओळ तिरपी खाली घसरली होती.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. माझी बायको सकाळ-संध्याकाळ डोळ्यात तेल घालून थेंबांची वेळ पाळायची. ताईचं काम सुटलं. मशीनवर बोट कापल्यावर मालकांनीच हात जोडले. ताई दिवसभर फोन नाकाशी धरून त्या सिनेमाची झलक बघायची. दोन मिनिटं दहा सेकंद. शंभर वेळा, हजार वेळा. मी म्हणायचो, "अगं, डोळ्यांना आराम दे." ती म्हणायची, "आराम द्यायला पुढे वेळच वेळ आहे."

फेब्रुवारीत बातमी आली, सिनेमा जूनमध्ये येणार. ताईने तारीख खोडली, नवी लिहिली. मेमध्ये पुन्हा बातमी, सप्टेंबर. कारण कोणी दिलं नाही. कोणाला द्यायचं? असल्या सिनेमाची वाट बघणारी माणसं किती असतील, आणि त्यातही दिवस मोजून बघणारी? नव्या तारखेसाठी ताईने वही माझ्याकडे दिली. "तूच लिही." मी खिशातलं पेन काढलं, तर तिला खिशाच्या आवाजावरून कळलं की काय कोण जाणे. "पेन्सिलीने," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये तिला ताटातली वाटी सापडेनाशी झाली. विचारलं की म्हणायची, "थोडं थोडं दिसतं. खिडकी आहे अजून." किती थोडं, ते सांगायची नाही. मीही खोदून विचारलं नाही. भित्रा आहे मी, पहिल्यापासून.

सिनेमा अखेर आला. पहिल्याच दिवशी दुपारचा खेळ, शेवटची रांग. शेवटच्या रांगेतून सगळा पडदा तिच्या खिडकीत मावेल असा माझा हिशोब होता. ताईने नवी साडी नेसली होती. मी तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, मोठ्याने मोजत. थिएटरमध्ये आम्ही धरून अकरा माणसं.

किल्लीवाली काय दिसली! पेट्रोल पंपावर काम करणारी बाई होती ती. मळका खाकी शर्ट, हाताला काळं लागलेलं, आणि गिऱ्हाइकाकडे न बघता सुट्टे पैसे द्यायची एक तऱ्हा. मला अभिनयातलं काही कळत नाही, पण हातातले पॉपकॉर्न तसेच राहिले. वाटलं, ताई आठ वर्षांपूर्वी म्हणाली होती ते हेच.

ताई समोर बघत होती, ताठ, हात मांडीवर. पडद्यावर किल्लीवाली कोणाशी तरी बोलत होती. आवाज तिचाच, ओळखीचा. ताई माझ्या कानाशी वाकली.

"पिवळा स्वेटर किती शोभतोय ना तिला?"

पडद्यावर खाकी शर्ट होता. पिवळा स्वेटर फलकावर होता, झलकेत होता, हजार वेळा नाकाशी धरून पाठ केलेला. मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडद्याकडे होता, पण थोडा डावीकडे, जिथे भिंत होती.

"हो," मी म्हटलं. "फार शोभतोय."

ती समाधानाने मागे टेकली. मी रडत होतो आणि आवाज होऊ नये म्हणून ओठ चावत होतो. हिरोइनकडे बघवेना, म्हणून मी नजर दुसरीकडे वळवली, पडद्याच्या कडेला. तिथे पंपाच्या मागे बाकावर एक म्हातारी बसली होती. डबा उघडत होती. झाकण निघेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि डबा तसाच बंद पिशवीत ठेवून दिला. पोट भरल्यासारखं तोंडही पुसलं. दहा सेकंद असतील. तिच्या पुढ्यात सिनेमा चालू होता आणि त्याचा तिला पत्ता नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा मी ताईच्या बरगडीत कोपर मारलं.

"ताई, ती डाव्या कोपऱ्यातली म्हातारी बघ. लवकर. बाकावरची."



"हो, दिसली," ती म्हणाली, आणि माझा हात चाचपत पुड्यापर्यंत पोचून पॉपकॉर्न खायला लागली.