मौला मिस्त्रीची हलकी गाडी

आमच्या घरात 'हलकं' हा शब्द शिवीसारखा वापरतात. हलकं कापड दुकानात परत जातं, आहेरात आलेलं हलकं भांडं पुढच्या आहेरात जातं, आणि हलक्या कानाच्या माझ्या नणंदेबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण ती वाचते. अशा घरातल्या माणसाने, म्हणजे आमच्या यांनी, दादासो मगदूम यांनी, बत्तीस वर्षांपूर्वी मौला मिस्त्रीकडून कोल्हापुरातली सगळ्यात हलकी गाडी बनवून घेतली. आणि मग एकतीस वर्षं ती जड करण्यात घालवली.

मौला मुजावर मूळचा कबनूरचा. घरात यंत्रमाग. मागांच्या खडखडाटाला कंटाळून सतराव्या वर्षी तो कोल्हापुरात उद्यमनगरात आला, लेथवर लागला आणि इंजिनांच्या खडखडाटात रमला. अंगाने अगदी काडी. कुठलीही वस्तू तो आधी तळहातावर घेतो, दोनदा वर-खाली करतो आणि तिचं वजन सांगतो. मी एकदा गंमत म्हणून त्याच्या हातात बटाट्याची पिशवी दिली. तो म्हणाला, "वैनी, दुकानदारानं पावशेर मारलंय." मी जाऊन भांडले. खरंच मारलं होतं.

ती गाडी त्याने पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून बनवली. दोन सीट, छप्पर नाही, फायबरची बॉडी आणि एका लहान गाडीचं जुनं इंजिन. जिथे जिथे लोखंड कमी करता येईल तिथे त्याने भोकं पाडली होती. आमचे हे म्हणायचे, "गाडी हाय का चाळण?" पण पहिल्यांदा पन्हाळ्याला जाऊन आले तेव्हा यांचे पाय जमिनीवर नव्हते. गाडी वाऱ्यासारखी जाते, असं गावभर सांगत सुटले.

छप्पर नाही म्हटल्यावर पावसाळाभर, आणि थंडीतही, गाडी ताडपत्रीखाली झोपते. तिचा हंगाम पाडव्यापासून वळवाच्या पावसापर्यंत. फाल्गुन लागला की मौला येतो, उंदरांनी केलेलं घरटं काढतो, कार्बुरेटर सुटा करून रॉकेलमध्ये धुतो, ब्रेकचं तेल बदलतो, चाकं फिरवून कान लावतो. शेवटी गाडी बाहेर काढून आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेतो आणि परत आणून किल्ली यांच्या हातात देतो. त्याचं चालवणं एवढंच. शेजारच्या सीटवर आजवर व्याही बसले, जावई बसले, बँकेचे मॅनेजर बसले. मौला कधी बसला नाही. "एकदा तुला रस्त्यावर द्यायची हाय," असं हे दरवर्षी म्हणायचे आणि मौला दरवर्षी मान हलवायचा. त्याची बायको मेहमुदा शिवणकाम करते. ती मला एकदा म्हणाली होती, "दुसऱ्याची गाडी हाय म्हणून मागत न्हाईत. पण घरात झोपंत गियर टाकत्यात." मी हसले होते. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या वर्षी इथल्या हौशी मोटारवाल्यांच्या मंडळाने चैत्रातल्या फेरीसाठी हलक्या गाड्यांचा वेगळा वर्ग काढला. गाडी आणि चालक मिळून साडेसहाशे किलोच्या आत. शेजारी कुणी बसायचं नाही. हा वर्ग सगळ्यात आधी सुटणार, म्हणजे गगनबावड्याचा रस्ता यांना मोकळा मिळणार. यांनी अर्ज भरून टाकला. गाडी मौलाने हलकी केलीच आहे, वजन कशाला बघायचं?

मौला म्हणाला, बघू या. गुळाच्या बाजारातल्या वजनकाट्यावर, जिथे गुळाचे ट्रक चढतात, तिथे त्याने आमची गाडी चढवली. नुसती गाडी, सहाशे नव्वद.

यांनी काटा खराब आहे असं जाहीर केलं. मौलाने कपाळाला हात लावला. त्याला माहीतच होतं. एकतीस पाडव्यांना एकतीस वस्तू गाडीत चढल्या होत्या. पुढे लोखंडी गार्ड, कारण फायबर हलकं दिसतं. पायाखाली जाड पत्रा, कारण भोकांतून रस्ता दिसायचा आणि व्याह्यांना तो दिसू नये. सागवानी डॅशबोर्ड. दोन बॅटऱ्या, एक जादा असू दे की म्हणून. पितळी भोंगा. सोफ्यासारख्या गाद्या. डिकीत माझे स्टीलचे चार डबे आणि पाण्याची कळशी, कारण मगदुमांच्या घरचं माणूस उपाशी प्रवास करत नाही. एकेक वस्तू आली तेव्हा मौलाने सांगितलं होतं, नगा घालू. यांचं उत्तर ठरलेलं, "लोकं काय म्हणतील, मगदुमाची गाडी हलकी?"

मग उलटं काम सुरू झालं. मौला काढायचा, तळहातावर तोलायचा आणि भिंतीला लावायचा. प्रत्येक वस्तू निघताना हे असा चेहरा करायचे की घरातून लेकच सासरी चालली आहे. गाद्यांवरून तर दोन दिवस अबोला होता. शेवटी मेहमुदाने बाजेच्या नवारीच्या पट्ट्या ओढून दोन सीटा विणून दिल्या. त्या इतक्या सुरेख झाल्या की यांनी त्यात बसून पेपर वाचायला सुरुवात केली. कळशी मात्र मी स्वतः नेऊन घरात ठेवली, जरा रागातच.

त्यात त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद होती, म्हणजे हे सगळं रमजानात चाललेलं. मौलाला रोजा. आणि आमच्या यांनी स्वतःचं वजन उतरवायचं म्हणून एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवण. पर्युषणातही ज्यांना दहाच्या आत पोहे लागतात ते गृहस्थ एकाशनाला बसले, तेव्हा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, बायका माझं अभिनंदन करायला लागल्या. मी काय सांगणार? संध्याकाळी मौला खजूर घेऊन रोजा सोडायला बसायचा आणि हे पाण्याचा घोटही न घेता त्याच्या हाताकडे बघत राहायचे. दिवसभर दोघांच्या पोटात कावळे, एकाचे अल्लासाठी आणि दुसऱ्याचे साडेसहाशे किलोसाठी. पाना हातातून निसटला तरी एकमेकांवर खेकसायचे. पण इतकं एकत्र मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

फेरी ईदनंतरच्या रविवारी होती. त्या सकाळी मंडळाची मोजणी त्याच काट्यावर. सात वाजता रांगेत पाच-सहा गाड्या होत्या. आमची चढली. रिकामी, पाचशे ऐंशी. मौलाने डोळे मिटले. एकशे दहा किलो वस्तू उतरल्या होत्या. मग हे आत बसले.

सहाशे ऐंशी.

यांनी खिशातलं पाकीट काढलं, घड्याळ काढलं, चपला काढल्या. काटा हलला नाही. दोन आठवड्यांच्या एकाशनाने दोन किलो उतरले होते आणि पाडव्याच्या श्रीखंडाने तीन चढले होते, हे मला माहीत होतं. काट्यावरचा माणूस कंटाळून म्हणाला, "पावणं, गाडी बरी हाय. माणूस बदला."

रांगेतले लोक हसले. हे हसले नाहीत. नवारीच्या सीटवर स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. त्यांना काय सोडावं लागणार होतं ते मला कळत होतं. महिनाभर ज्याला त्याला सांगितलं होतं, सगळ्यांच्या आधी मी जाणार. मौला पुढे झाला आणि म्हणाला, दुसऱ्या वर्गात नाव घालू, तिथे वजनाची अट नाही, गाडी तीच आणि रस्ता तोच. त्याने हे अगदी सहज सांगितलं. एकतीस वर्षं हा माणूस स्वतःची जागा अशीच सोडत आला होता, आणि त्या जागेवर व्याह्यांना बसवणारी मीही होते.

मी म्हटलं, "मौलाभाई, तुमचं वजन किती?"

त्याला स्वतःचं सांगता येईना. बाकी साऱ्या जगाचं सांगायचा.

हे उतरले. अनवाणीच. किल्ली गाडीलाच होती, ती काढून त्यांनी मौलाच्या तळहातावर ठेवली. मौलाने हात मागे घेतला, म्हणाला, गाडी तुमची हाय. तेव्हा हे म्हणाले, "माझ्या नावावर हाय. बस."

मौला बसला. सहाशे तीस. मंडळाच्या माणसाने वहीत चालकाचं नाव खोडलं आणि नवीन विचारलं. आमच्या यांनीच ते पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, काटाभर ऐकू जाईल अशा आवाजात.

आम्ही मागून आमच्या नेहमीच्या गाडीतून निघालो. मेहमुदाला वाटेत घेतलं. डबे होतेच, आणि कळशीही. कळे गावाच्या पुढे रस्ता रिकामा झाला. दोन्हीकडे पळस फुलून गळायला आला होता. मौलाची गाडी कुठेच दिसेना. मेहमुदा सारखी खिडकीतून मान बाहेर काढत होती. हे एरवी रस्त्यातल्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतात, त्या दिवशी नुसते पुढचा रस्ता बघत होते. मला वाटलं, मनाला लागलं असेल.

गगनबावड्याला पोचलो तेव्हा तो गाडीला टेकून उभा होता. केस सगळे मागे उडालेले, डोळ्यांतून पाणी. वाऱ्याने असेल. मी विचारलं, कशी काय गेली?

"वैनी," तो म्हणाला, "तुमच्या गल्लीत दुसऱ्याच्या वर गियर पडतच न्हाय. एकतीस वर्सं झाली चौथा बसवून. आज टाकला."

आमचे हे पुढे गेले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांना हात लावून पाहिला, टाकीत पेट्रोल किती ते बघितलं. मग मेहमुदाला म्हणाले की शेजारची सीट परतीला रिकामी आहे, आणि पदर नीट खोचून बसा. किल्ली त्यांनी मागितली नाही.