गंगारामची खाट

माझा धाकटा भाऊ गंगाराम तरुणपणी बोटीवर खलाशी होता. वय झालं तसा तो रत्नागिरीला मिरकरवाड्यात घरी येऊन बसला, पण बोटीवरची एक गोष्ट त्यानं काही सोडली नाही. इंग्रजीतली 'कॉट' म्हणजे आपलीच खाट. बोटीवरच्या एका कारकुनानं त्याला सांगितलं होतं. साहेब इथं आला, त्यानं आपली खाट बघितली, शब्द उचलला नि आपल्या मुलखात नेला. मग तोच शब्द लोखंडाचे पाय लावून आपल्याकडं परत आला. दारात कोणी टेकला की हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

"दोन्ही एकच," तो मांडीवर थाप मारून सांगायचा.

मी म्हणायची, "असेल बाबा. त्यानं बांगडा स्वस्त होणार आहे काय?" त्याची बायको हिरा तोंडाला पदर लावून हसायची.

आमच्यात माणसाला खाटेवर जीव सोडू देत नाहीत. घरघर लागली की भुईवर घेतात. आमचे बाबा झोपेतच खाटेवर गेले. त्यांना गती मिळाली नसेल, म्हणून गंगाराम जन्मभर झुरला. हिराकडून त्यानं वचनच घेतलं होतं, "माझी वेळ आली की मला खाली घे."

शहाऐंशी साली त्याच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नाकात नळी, हाताला सलाईन. हिरानं नर्सला हात जोडले, "यांना खाली घेऊ द्या."

"हलवलंत तर आत्ताच जातील," नर्स म्हणाली. बिचारी खोटं बोलत नव्हती, तरी मला तिचा संताप आला. हिरा कॉटचा दांडा धरून रडत राहिली.

गंगारामनं डोळे उघडले. "रडतेस कशाला गो? ही कॉट आहे. खाट नव्हे."

"तुम्हीच सांगत होतात ना, दोन्ही एकच म्हणून?"

"तो कारकून थापाड्या होता. खाटेचा नि कॉटचा काही संबंध नाही."

संध्याकाळी तो गेला. कॉटवरच.

भेटायला आलेल्या बायका खोदून खोदून विचारायच्या, "खाली घेतलंत ना?" मेल्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. हिरा शांतपणे सांगायची, "खाट नव्हतीच ती. कॉट होती." मला वाटलं, पोरीला पटलं, बरं झालं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. पडवीत त्याची सुंभाची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. हिरा तिच्याकडं बघत म्हणाली, "वन्सं, तो कारकून थापाड्या नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले.

"ठाऊक होतं मला. जन्मभर धरलेला हट्ट माझ्यासाठी सोडला हो त्यांनी."