उलटं आलेलं चित्र

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. निवृत्तीच्या निरोपसमारंभात विद्यार्थ्यांच्या आठवणी सांगितल्या, पण ही गिळली. घरीही कुणाला ठाऊक नाही.

मी तंत्रविद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि विद्यार्थ्यांचा अवकाश गट माझ्याकडं होता. एका वर्षी अवकाश केंद्रातल्या उन्हाळी प्रशिक्षणाची संधी आली. विभागातून एकच नाव जायचं होतं, ते ठरवायचं मी. हवामानाचे काही उपग्रह डोक्यावरून जाताना खालच्या ढगांचं चित्र सतत पाठवत असतात. साधा अँटेना, छोटा रिसीव्हर आणि लॅपटॉप असला तर ते घरबसल्या पकडता येतं. निवडीसाठी मी मुलांना तेच काम दिलं. खरं सांगायचं तर मी स्वतः ते कधी केलं नव्हतं. पुस्तकातली चित्रं पाहिली होती, तेवढंच.

बहुतेकांनी नुसती खरखर आणली. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं मात्र अख्खं चित्र आणलं. चांगलं स्वच्छ होतं, पण उलटं. श्रीलंका वर, हिमालय खाली, अरबी समुद्र उजव्या हाताला.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. माझी हयात नकला पकडण्यात गेली होती. इंटरनेटवरून आकृती उचलायची आणि ओळखू येऊ नये म्हणून फिरवून चिकटवायची, ही पोरांची जुनी खोड. मी विचारलं, "हे उलटं का?"

"उपग्रह दक्षिणेकडून वर चढत होता, सर. आधी खालचा भाग आला."

"मग सरळ करता आलं असतं की."

"आलं असतं. पण मग आलं तसं राहिलं नसतं ना, सर."

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय वाढलाच.

त्याच आठवड्यात न कळवता मी मुकुंदवाडीला तिच्या घरी गेलो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती. मी तपासायला आलो होतो. त्यांना वाटलं, सर पोरीचं कौतुक करायला आले. वडील कंपनीतून पाळी संपवून नुकतेच आले होते. त्यांनी शेजारून खुर्ची मागवली. "कॉलेजातलं कुणी आमच्या घरी पयल्यांदाच आलं, सर," म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले.

गच्चीवर तिचा अँटेना होता: खिडकीच्या पडद्याच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या प्लास्टिकच्या पाइपला बांधलेल्या. तिची आजी धापा टाकत मागून वर आली.

"ह्येच का तुमचं यंत्र? लई कावळे बसतेत बगा त्याच्यावर. पोरगी निगाली ढग धराया अन् धरले कावळे!"

"आजी, गप ना गं."

"का गप? सायबाला खरं सांगू नाय व्हय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी दांड्यांवरची धूळ पाहत होतो. नवीन आहे का, कुणाकडून करून घेतलं, जोडणी कुणी शिकवली, एवढंच डोक्यात.

मुलगी म्हणाली, "सर, संध्याकाळी परत एक उपग्रह जाणारे. थांबता का? तुमच्यासमोर घेते."

थांबायला हवं होतं. पण वाटलं, हे लोक मला थांबवून घेतायत, आता जेवायला घालतील आणि मग नाही म्हणणं जड जाईल. गारखेड्याला घरी काम आहे असं सांगून निघालो. वडिलांनी पेढे आणायला कुणाला तरी पाठवलं होतं. तेही येऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सांगितलं, "तिचं काम संशयास्पद वाटतं." नाव दुसऱ्याचं गेलं. एखाद्या सहकाऱ्याच्या मुलानं तेच चित्र आणलं असतं, तर मी ते फ्रेम करून प्रयोगशाळेत लावलं असतं. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या वर्षी विद्यापीठानं स्वतःचा अँटेना घेतला. इमारतीच्या गच्चीवर मुलांच्या घोळक्यात मीही उभा होतो. पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली आणि सगळ्यात वर श्रीलंका आली.

एकजण ओरडला, "सर, देश उलटा पडला!"

"येड्या, उपग्रह खालून वर चाललाय," दुसरा म्हणाला.

तेव्हा ती मुलगी शेवटच्या वर्षाला होती, त्याच इमारतीत, दोन मजले खाली. त्या वर्षीच्या प्रशिक्षणासाठी नाव जायचं बाकी होतं. ते तिचं द्यायचं तर प्रमुखांना सांगावं लागलं असतं की मागच्या वेळी माझं चुकलं. मी सांगितलं नाही. शंका घेणं एकवेळ चूक म्हणता येईल. त्या दिवसानंतर गप्प राहिलो, त्याला चूक म्हणता येत नाही.

परवा गारखेड्यात औषधाच्या दुकानात मागून हाक आली, "सर, ओळखलंत का?" तीच होती. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत असते म्हणाली. मी विचारलं, "तो अँटेना?"

"आहे की अजून. आजी गेली, पण कावळे आहेत." ती हसली. "बाबा अजून सगळ्यांना सांगतात, सर स्वतः आमच्या घरी आले होते."

दुकानदार माझी औषधं बांधत होता. तेवढा वेळ पुरेसा होता. चित्र खरं होतं, ते मला तू कॉलेजात असतानाच कळलं होतं, मला माफ कर; एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "बाबांना माझा नमस्कार सांग."