कॅरमचा ड्रॉ आणि श्यामकांतांचा कंपायलर

सोनिवलीच्या एका सोसायटीत कॅरमस्पर्धेचा ड्रॉ काढण्याचा मान श्यामकांतांचा. अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी त्यासाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिला होता, आणि तो घरच्या संगणकावर, दार लावून चालवण्याची त्यांची पद्धत होती. लागोपाठ दोन वर्षे पहिल्या फेरीत त्यांनाच न खेळता पुढे चाल मिळाली, तेव्हा विष्णुपंतांनी सभेत गोड आवाजात विचारले, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखतो वाटतं?" सगळे हसले. यंदा चिठ्ठ्याच टाकाव्यात, अशी भाषा सुरू झाली.

श्यामकांतांना ते फार लागले. "रविवारी हाच प्रोग्राम तुमच्या प्रत्येकाच्या मोबाईलवर चालेल," ते म्हणाले. "मग बोला!"

सीमधला प्रोग्राम मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालवायचा, तर तो वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत, उतरवणारा कंपायलर हवा. एमस्क्रिप्टेन नावाचा तो सगळा सरंजाम त्यांनी संगणकावर बसवला आणि कमांडची खिडकी बंद करून समाधानाने जेवायला उठले. परत येऊन पाहतात, तो संगणक कंपायलरला ओळखच देईना. त्यांनी सगळे पुसून पुन्हा बसवले. दुसऱ्या दिवशी तेच.

"अहो, संसार मांडतानाही एवढी खटपट केली नव्हतीत," पत्नी वृंदाताई म्हणाल्या.

अखेर श्यामकांतांनी सूचना वाचल्या. नवी खिडकी उघडली की कंपायलर कुठे आहे, हे तिला एका ओळीत नव्याने सांगावे लागते.

"म्हणजे रोजची हजेरी," वृंदाताई म्हणाल्या. "कारखान्यात लोकांना हेच ऐकवत होतात ना?"

रविवारी सभागृहात सर्वांना लिंक गेली. सर्वांनी एकदम बटण दाबले.

"माझी गाठ ऋतिकाशी!"

"छे, ऋतिका माझ्याकडे आहे!"

प्रत्येक मोबाईलवर निराळा ड्रॉ. प्रोग्राम ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये स्वतंत्र चालतो आणि स्वतंत्र जोड्या लावतो, हे श्यामकांतांच्या ध्यानातच आले नव्हते. ज्याला त्याला आपलाच ड्रॉ खरा वाटू लागला.

"एकच ड्रॉ धरू," श्यामकांत कपाळ पुसत म्हणाले. "विष्णुपंत, तुमच्या मोबाईलवरचा. सगळ्यांसमोर पुन्हा दाबा."

विष्णुपंतांनी दाबले. पहिलाच सामना श्यामकांत विरुद्ध विष्णुपंत. सभागृहात टाळ्या पडल्या, आणि सेक्रेटरी अमितने चिठ्ठ्यांसाठी आणलेले कागद परत पिशवीत घातले.

तो सामना श्यामकांत सपशेल हरले. घरी जाताना मात्र त्यांनी आईस्क्रीमचा मोठा डबा घेतला. कॉम्प्युटर त्यांना ओळखत नाही, हे सगळ्यांनी पाहिले होते; वृंदाताईंना कारण विचारावे लागले नाही.