निष्ठेचा आकडा

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटर गेम बनवतो, राहात्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या मागच्या खोलीत बसून. खिडकीबाहेर पेरूची बाग आहे. गावातल्या पुष्कळांना अजून वाटतं की माझी नोकरी गेली आणि मी घरी बसलोय. आई सरपंच असल्यामुळे तोंडावर कोणी बोलत नाही. म्हणजे तेव्हा बोलत नव्हतं.

त्या वर्षीचा आमचा गेम निजामशाहीच्या पडत्या काळातला होता. खेळणाऱ्याने राज्य सांभाळायचं, किल्ले राखायचे आणि सरदार फुटू द्यायचे नाहीत. लढाया दुसरे लोक बनवत होते, माझ्याकडे राजकारण होतं. प्रत्येक सरदारापुढे निष्ठेचा एक आकडा, शून्य ते शंभर. जहागीर दिली की आकडा चढतो, पदवी दिली की चढतो, सोयरीक केली की चांगलाच चढतो. आणि ऐन संकटात वापरायला एक शेवटचा उपाय, शपथ. मराठा सरदाराने बेल-भंडारा उचलायचा, मुसलमान सरदाराने कुराणावर हात ठेवायचा. ज्याचा जो धर्म त्याची ती शपथ, यात माझी एकही चूक नव्हती. त्याचा मला केवढा अभिमान होता!

त्याच उन्हाळ्यात आईवर अविश्वासाचा ठराव आला. पंचायतीत नऊ जण. चौघं उघड विरोधात. आईच्या बाजूला ती धरून पाच: एक आमच्या भावकीतला, दुसरा उपसरपंच, तिसरा ज्याच्या मेव्हण्याला रस्त्याचं काम मिळालं होतं तो, आणि मावशी. सरपंच बाई असली की ठरावाला तीन चतुर्थांश, म्हणजे नवातली सात मतं लागतात; विरुद्ध तीन पडली तरी तो फसणार होता. आईची खुर्ची राहणार की जाणार, एवढाच प्रश्न आहे असं आम्ही सगळे तेव्हा समजत होतो.

मावशी म्हणजे आईची मैत्रीण, नात्यातली नव्हे. आमच्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या; मला मांडीवर घेऊन त्यांनी खिचडी भरवलेली आहे. आईचं आणि त्यांचं लग्न एकाच वर्षी झालेलं. आई पहिल्यांदा भाषणाला उभी राहिली तेव्हा मावशी मागून तिचा पदर धरून उभ्या होत्या. राखीव जागेवरून त्या निवडून आल्या, पण आईच्या प्रचारात स्वतःच्या प्रचारापेक्षा जास्त फिरल्या.

एका दुपारी जेवताना चुलत्यांनी मला सहज विचारलं, "तुझ्या खेळात काय करत्यात रं, मानसं फुटाया लागली की?" घरचं राजकारण खरं तर तेच चालवायचे. मला कधी नव्हे ते कोणी कामाबद्दल विचारत होतं. मी लॅपटॉप उचलून आणला. नुसतं समजावून सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मला चेव आला. सरदारांच्या जागी पंचायतीची माणसं भरली आणि त्यांना काय काय मिळालंय ते एकेक लिहीत गेलो. भावकीतल्याला नातं. उपसरपंचाला पद. तिसऱ्याला मेव्हण्याचं काम. मावशींपुढे लिहायला काही नव्हतं. आईने त्यांना काहीच दिलं नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. तिघांचे आकडे ऐंशीच्या घरात आले. मावशींचा एकतीस.

"काहीतरीच," आई म्हणाली. "ती न्हाई फुटायची."

"मशीन का खोटं बोलंल व्हय?" चुलते म्हणाले. "आन शपथीचं ते लई झ्याक हाय. घेऊन टाकू सगळ्यांची."

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. माझी कल्पना माझ्या घरात वापरली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना घरी बोलावलं. आईने पितळेच्या ताटात बेलाची पानं ठेवली, भंडारा ओतला. ताट तिच्याच हातात होतं. तिघांनी एकामागून एक बेल-भंडारा उचलला. उपसरपंचांनी तर डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं आणि कपाळाला मळवट भरावा तसा भंडारा फासला. मग आई मावशींपुढे आली.

मावशींनी हात पदराखाली घेतले.

मला तेव्हा आठवलं. मावशींच्या सासऱ्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव गोदावरीत सोडले होते. तेव्हापासून त्या घरात भंडारा नाही, बेल नाही. ही गोष्ट मी लहानपणी मावशींकडूनच ऐकली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या सरदारांचे धर्म मी पुस्तकं धुंडाळून लिहून घेतले आणि जिने मला भरवलं तिचा विसरलो. स्वतःच्या मुस्काटात मारावी असं वाटलं.

"मी याला हात लावत न्हाई, तुमाला ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "माझा शब्द घ्या."

"शब्द तर समदेच देत्यात, ताई," चुलते म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आईकडे बघत होत्या. "तू बोल. तुला पुरतो का न्हाई माझा शब्द?"

आईने मान खाली घातली. ताट तसंच पुढे धरलेलं. मला वाटतं आई चुलत्यांना घाबरली होती, पण तेवढंच नव्हतं. तो एकतीस तिच्याही डोक्यात बसला होता. मावशी उठल्या, पायऱ्यांपाशी चपला घातल्या आणि निघून गेल्या.

"बघ, मशीननं बराबर सांगितलं," चुलते मला म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते तिघे गावातून गायब झाले. आमच्याकडे याला सहल म्हणतात. ठरावाआधी विरोधक माणसं गाडीत घालून कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी नेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरवतात. तिघे तसेच उतरले, नवे पांढरे शर्ट आणि एकसारखे गॉगल घालून. तहसीलदारांनी ठराव वाचला आणि ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. मी खिडकीबाहेर गर्दीत उभा होतो. सात हात वर गेले. उपसरपंचांचा सगळ्यांत आधी.

मावशी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

बाहेर आल्यावर आई त्यांच्याकडे जवळजवळ धावत गेली. चारचौघांत तिला रडू फुटलं. मावशींनी तिला रडू दिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "शब्द दिलता, तो पाळला. तुझ्यासाठी न्हाई केलं." एवढं बोलून त्या चालू लागल्या. त्या पुन्हा आमच्या घरी आल्या नाहीत. आई दोनदा त्यांच्याकडे गेली. त्यांनी चहा दिला, पाहुण्याला देतात तसा. तिसऱ्यांदा जायची तिची हिंमत झाली नाही. खुर्ची गेल्याचं दुःख तिने महिनाभरात पचवलं. हे तिला पचलेलं नाही.

मी गेममध्ये एक सरदार घातला. तो शपथ घेत नाही, काही मागत नाही, त्याच्यापुढे आकडाच नाही, आणि शेवटपर्यंत फुटत नाही. महिनाभर त्याच्यावर काम केलं. चाचणी खेळणाऱ्यांनी तक्रार केली की याचं काय करायचं ते कळत नाही, बहुतेक प्रोग्रॅममध्ये काहीतरी चूक आहे. वरून निरोप आला, काढून टाका. मी काढून टाकला. भांडायला मला तोंड नव्हतं.

गेम पूर्ण झाला तेव्हा आई मागच्या खोलीत आली. माझ्या खुर्चीमागे उभी राहून बराच वेळ पडद्यावरचे किल्ले आणि घोडे बघत राहिली.

"ह्यात ती हाय का?" तिने विचारलं.

"होती," मी म्हणालो. "काढावी लागली."

"बरं झालं," आई म्हणाली. "तिथं तरी तिच्याफुडं कुनी ताट धरनार न्हाई."